धुळीचा कण आणि छायाचित्रातील डाग

बेंगळूरुच्या लालबाग उद्यानात एक विस्तीर्ण खडक आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे. खडकाच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा बुरूज उभा आहे. शाळेची सहल तेथे गेली आणि एका विद्यार्थ्याने खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने त्या बुरुजाचे छायाचित्र घेतले, अशी कल्पना करू. बुरुजाच्या मागे स्वच्छ, मोकळे आकाश आहे. घरी येऊन ते छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले, तो आकाशात उजव्या बाजूस वरच्या कोपऱ्याजवळ एक करडा, धूसर कडांचा ठिपका दिसला. ही दूरवर घिरट्या घालणारी घार असावी, असे प्रथम वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुढच्या छायाचित्रात, काचघराच्या छपरावरही, तोच ठिपका त्याच जागी आहे. त्यापुढील छायाचित्रात तळे आहे, आणि घार तेथेही, पाण्यावर, कोपऱ्यापासून तितक्याच अंतरावर तरंगते आहे! कोणतीही घार कॅमेऱ्याशी इतकी एकनिष्ठ असत नाही.

हा ठिपका म्हणजे कॅमेऱ्याच्या आत शिरलेल्या धुळीच्या एका कणाची सावली होय. तो कण कोठे बसला आहे, त्याची सावली कधी गडद होते व कधी नाहीशी होते आणि ती चित्रातून प्रामाणिकपणे कशी काढून टाकावयाची, या गोष्टींचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि आकाशातील नवा ज्योतिर्गोल आणि काचेवरील धूळ यांतील भेद ओळखण्याचे काम खगोलशास्त्रज्ञांना दर रात्री करावे लागते, आणि त्यांची रीत शाळेतील साध्या कॅमेऱ्यालाही लागू पडते.

उंच उडणाऱ्या पक्ष्याची सावली

आकाशात उंच उडणाऱ्या पक्ष्याची सावली जमिनीवर का पडत नाही, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने केव्हा ना केव्हा सोडविलेला असतो. सूर्य हा बिंदू नसून आपल्याला ती एक तबकडी दिसते. त्यामुळे पक्ष्याच्या मागे जी पूर्ण काळोखी छाया, म्हणजे प्रच्छाया, तयार होते ती पक्ष्यापासून दूर जाताना निमुळती होत होत संपते. तिची लांबी पक्ष्याच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट असते. वीस सेंटिमीटर रुंदीच्या अंगाची प्रच्छाया एकवीस-बावीस मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. त्यापुढे उरते ती केवळ विरळ उपच्छाया, आणि ती इतकी फिकी असते की डोळ्यांना जाणवत नाही. तोच पक्षी जमिनीलगत उडाला तर मात्र त्याची सावली अंगणातून झरकन सरकताना स्पष्ट दिसते.

कॅमेऱ्याच्या आत हाच खेळ लहान प्रमाणावर चालतो. येथे सूर्याच्या जागी भिंगातील प्रकाशछिद्र आहे, जमिनीच्या जागी संवेदक आहे आणि पक्ष्याच्या जागी धुळीचा कण. संवेदक म्हणजे प्रकाश ग्रहण करून त्याचे विद्युतभारात रूपांतर करणारी सिलिकॉनची चकती. जुन्या कॅमेऱ्यात जेथे फिल्म असे तेथे ती बसविलेली असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म कप्पे असतात व त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेल आपल्यावर किती प्रकाश पडला याचा एक आकडा सांगतो, आणि या आकड्यांचे कोष्टक म्हणजेच डिजिटल छायाचित्र. संवेदकाच्या पुढे रक्षणासाठी काच असते. धूळ बहुधा या काचेवर किंवा भिंगाच्या सर्वांत मागील पृष्ठावर बसते, प्रत्यक्ष संवेदकावर नव्हे. कण आणि संवेदक यांच्यामधील हे थोडेसे अंतरच सर्व गोष्टी ठरविते.

एक हिशेब करून पाहू. भिंगाचे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या आठपट असेल तर त्या छिद्राला ‘एफ ८’ म्हणतात, आणि २.८ पट असेल तर ‘एफ २.८’. अर्थात आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. आता धुळीचा कण संवेदकापासून १ मिलिमीटर अंतरावर आहे आणि त्याची रुंदी ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाइतकी आहे असे धरू. संवेदकावरील एखाद्या बिंदूकडे येणारे किरण शंकूच्या आकाराने येतात. एफ ८ असताना कणाच्या पातळीवर या शंकूची रुंदी एक अष्टमांश मिलिमीटर, म्हणजे ०.१२५ असते. तीत ०.०५ मिलिमीटरचा कण आडवा आला तर क्षेत्रफळांच्या प्रमाणाने १६ टक्के प्रकाश अडतो. आकाशासारख्या सपाट पार्श्वभूमीवर १६ टक्क्यांची घट ठळकपणे डोळ्यांत भरते. छिद्र एफ २.८ केले की शंकूची रुंदी सुमारे ०.३६ मिलिमीटर होते आणि तोच कण केवळ २ टक्के प्रकाश अडवू शकतो. सावली गेली नाही. ती पसरली व इतकी विरळ झाली की दिसेनाशी झाली. पक्षी उंच गेला, असे म्हणा हवे तर.

यावरून एक नेहमीचा गैरसमज दूर व्हावा. “काल डाग होता, आज नाही, म्हणजे धूळ आपोआप गेली,” असे पुष्कळदा ऐकावयास मिळते. बहुधा धूळ जागच्या जागीच असते. काल उन्हात छायाचित्र घेतले तेव्हा कॅमेऱ्याने छिद्र लहान केले होते आणि आज घरात त्याने ते मोठे केले, एवढाच काय तो फरक. काही लहान कॅमेऱ्यांत छिद्र लहान-मोठे करण्याची सोयच नसते आणि प्रखर उजेडात एक करडी काच किरणांच्या आड येते. अशा कॅमेऱ्यांत डाग उन्हाने बदलत नाही. परंतु दूरची वस्तू जवळ आणण्यासाठी झूम पूर्ण लांबविला की भिंगाचे छिद्र सापेक्षतेने लहान होते आणि दडलेला डाग वर येतो.

खिशातल्या कॅमेऱ्याचे आणखी एक दुर्दैव आहे, ते त्याच्या संवेदकाच्या आकाराचे. सामान्यतः हा संवेदक जेमतेम ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाहूनही लहान. वरील हिशेबात एफ ८ ला सावलीचा एकूण विस्तार ०.१७५ मिलिमीटर येतो. तो या संवेदकाच्या लांबीचा पस्तिसावा हिस्सा झाला. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या छापील चित्रात तो चार मिलिमीटरहून मोठा दिसेल. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील ३६ मिलिमीटर लांबीच्या संवेदकावर तेवढीच सावली पडली तर तितक्याच चित्रात ती एक मिलिमीटरही भरणार नाही. लहान घरात पाहुणा मोठा वाटतो, तसाच हा प्रकार आहे.

याउलट भिंगाच्या दर्शनी पृष्ठावर बसलेल्या धुळीची लोक विनाकारण फार काळजी करतात. दृश्यातील कोणत्याही बिंदूपासून निघालेला प्रकाश दर्शनी भिंगाच्या मोठ्या भागातून आत येतो व संवेदकावर पुन्हा एकत्र होतो. लहान कॅमेऱ्याचे छिद्र दीड मिलिमीटर व्यासाचे असले तरी ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातील नऊशेवा हिस्सा प्रकाश अडवितो, आणि तोही सर्व चित्रभर वाटला जातो. सूर्य समोर असताना मात्र हेच कण उजळून चित्रावर धुरकट पडदा आणतात. तेवढ्यापुरते भिंग पुसलेले बरे.

उजळ ठिपक्यांची गोष्ट

आतापर्यंत आपण काळ्या ठिपक्यांविषयी बोललो. लग्नसमारंभात रात्री फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रांत कधीकधी याच्या उलट, पांढरे, पारदर्शक, वाटोळे गोळे हवेत तरंगताना दिसतात. मंगल कार्यालयातील सतरंज्या झटकल्या, अक्षता उधळल्या किंवा बाहेर पावसाची भुरभुर चालू असली म्हणजे तर त्यांची गर्दीच होते. दिवंगत आप्त आशीर्वाद देण्यास आले, असा त्यांचा अर्थ लावणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या भावनेची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु गोळ्याचे कारण साधे आहे. खिशातल्या कॅमेऱ्यात फ्लॅशचा दिवा भिंगाला अगदी लागून असतो. भिंगापासून ५ सेंटिमीटरवरील धूलिकणावर या दिव्याचा जो प्रकाश पडतो तो २ मीटरवरील नवरदेवावर पडणाऱ्या प्रकाशाच्या १६०० पट प्रखर असतो, कारण अंतर चाळीसपट वाढले की प्रकाश चाळीसच्या वर्गाने कमी होतो. हा झगझगीत कण कॅमेऱ्याच्या नाभीत नसतो. त्यामुळे त्याची प्रतिमा बिंदूसारखी न येता छिद्राच्या आकाराची, म्हणजे वर्तुळाकार पसरते. लागोपाठ दुसरे छायाचित्र घ्यावे. सगळे गोळे जागा बदललेले दिसतील. फ्लॅश बंद करावा. एकही उरणार नाही.

येथे एक नियम हाती लागतो. जो ठिपका प्रत्येक चित्रात त्याच जागी राहतो तो कॅमेऱ्याचा. जो हलतो तो बाहेरच्या जगाचा. ठिपक्याचा रंग किंवा आकार पाहून निर्णय करू नये. त्याची वागणूक पाहावी.

सूर्यावरील डाग आणि काचेवरील डाग

या नियमाची खरी कसोटी सूर्याच्या वेधात लागते. मराठीत सूर्यावरील काळ्या भागांनाही आपण ‘सौरडाग’ म्हणतो आणि काचेवरील मळालाही ‘डाग’च म्हणतो. भाषेने दोहोंना एकच शब्द दिला आणि घोटाळ्याला तेथूनच आरंभ झाला, असे अनुवादकाला तरी वाटते.

दक्षिणेतील कोडाईकनाल येथील वेधशाळेत सन १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. सौरडागांमधील वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हा शोध जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली याच वेधशाळेतील वेधांवरून लावला. ही वेधशाळा आज बेंगळूरुच्या कोरमंगल भागातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या व्यवस्थेखाली आहे. तिच्या काचपट्ट्यांचा संग्रह शंभर वर्षांच्या सूर्याचा इतिहास होय. परंतु जुन्या काचपट्टीवर धूळ, ओरखडे व बुरशी यांचेही ठसे असतात. काचपट्टीवरील काळा ठिपका सूर्याचा की काचेचा, हे ठरविल्याशिवाय डागांची मोजणी व्यर्थ होय.

सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे तो दिवसाला साधारण १३ अंश फिरतो. त्यामुळे तबकडीच्या मध्याजवळील सौरडाग दुसऱ्या दिवशी व्यासाच्या सुमारे नवव्या हिश्शाइतका पश्चिमेकडे सरकलेला दिसतो. काचेवरील ओरखडा असा शिस्तीने सरकत नाही.

शाळेत हा प्रयोग करता येतो. मात्र आरंभीच एक इशारा दिला पाहिजे: दुर्बिणीतून, कॅमेऱ्यातून किंवा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि कॅमेरा सूर्याकडे रोखू नये. दृष्टी कायमची जाण्यास एक क्षण पुरतो. लहान दुर्बीण शिक्षकांच्या देखरेखीखाली सूर्याकडे वळवून तिच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी व त्या कागदाचे छायाचित्र काढावे.

आता या छायाचित्रात जे काळे ठिपके दिसतील ते चार ठिकाणचे असू शकतात: सूर्यावरचे, नेत्रिकेच्या काचेवरचे, कागदावरचे आणि कॅमेऱ्यातले. दुर्बिणीला हात न लावता दोन मिनिटे थांबावे आणि अधूनमधून छायाचित्रे घेत राहावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्यबिंब कागदावरून सरकू लागेल व सुमारे दोन मिनिटांत आपल्या स्वतःच्या व्यासाएवढे अंतर काटेल. खरे सौरडाग बिंबाबरोबर प्रवास करतील. नेत्रिकेवरील धूळ मात्र प्रकाशाच्या वर्तुळात जेथल्या तेथे राहील, आणि सूर्य तिच्याखालून निघून जाईल. नंतर कागद थोडा सरकवावा. जे ठिपके कागदाबरोबर सरकतील ते कागदाचे. शेवटी कॅमेरा किंचित वळवावा. सूर्य, वर्तुळ, कागद ही सारी चित्रात तिरपी होतील, आणि एखादा ठिपका चित्राच्या चौकटीशी आपले नाते न सोडता तेथेच बसून राहिला, तर तो आपला लालबागेतला जुना सोबती होय. चार ठिपके, चार चाली. या प्रयोगास एक पैही खर्च येत नाही, आणि चांगल्या शिक्षकाच्या हाती तो वर्गात तासभर पुरतो.

१३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुधग्रह सूर्यबिंबावरून जाणार आहे आणि भारतातून हे अधिक्रमण दुपारी दिसेल. त्या दिवशी बुधाचा व्यास सूर्यबिंबाच्या सुमारे १९० वा हिस्सा असेल. आपल्या चित्रात सूर्यबिंब हजार पिक्सेल रुंद आले तर बुध जेमतेम पाच पिक्सेलांचा ठिपका होईल. धुळीच्या सावलीपुढे तो ग्रह नगण्य ठरेल. ज्या शाळेने तोवर आपल्या कॅमेऱ्यातील डागांची ओळख करून घेतली नसेल ती कदाचित धुळीचेच अधिक्रमण नोंदवून मोकळी होईल.

दोन चित्रांची साक्ष

एका चित्रावर विश्वास ठेवू नये, हा धडा खगोलशास्त्रज्ञांनी फार पूर्वी घेतला. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ याने २३ व २९ जानेवारी १९३० या रात्रींच्या दोन काचपट्ट्या आलटून पालटून पाहिल्या तेव्हा त्याला १८ फेब्रुवारी रोजी एक ठिपका उडी मारताना दिसला. काचपट्ट्यांवर असे खोटे ठिपके पुष्कळ असत. म्हणून त्याने २१ जानेवारीची तिसरी काचपट्टी काढली आणि तीवरही तो ठिपका अपेक्षित जागी मिळाल्यावरच त्याची खात्री पटली. तो प्लूटो होता. तमिळनाडूतील जवादी टेकड्यांत कावलूर येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचीच वेधशाळा आहे. तेथून १७ फेब्रुवारी १९८८ रोजी आर. राजामोहन यांनी एक लघुग्रह शोधला व त्यास ‘रामानुजन’ हे नाव मिळाले. लघुग्रह तारा नव्हे, आणि काचेवरील दोषही नव्हे, हे त्याच्या चालीवरूनच कळते.

काचपट्ट्यांचे युग पुढे सरले. १९६९ साली विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विद्युतभार एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलीत नेणाऱ्या सिलिकॉन चकतीची कल्पना मांडली. तिला सीसीडी म्हणतात. या शोधासाठी त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज कावलूरची २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीण काय किंवा लडाखमध्ये हान्ले येथे ४५०० मीटर उंचीवर असलेली २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण काय, दोन्हींच्या नाभीपाशी असे इलेक्ट्रॉनिक संवेदकच बसविलेले असतात. हान्लेची दुर्बीण तर बेंगळूरुजवळील होसकोटे येथून उपग्रहाच्या दुव्याने चालविली जाते. धुळीचा एक कण दिसला म्हणून ज्योतिर्विदाने होसकोट्याहून उठून हिमालयात फडके घेऊन जावे, हे शक्य नाही. धूळ तेथेच ठेवून तिची सावली काढून टाकण्याची युक्ती त्याला हवी असते.

ती युक्ती अशी. सूर्यास्तानंतर आकाश निवळलेले, एकसारखे उजळ, पण तारे अजून न दिसणारे असते, तेव्हा दुर्बिणीने त्या रिकाम्या आकाशाचे छायाचित्र घ्यावयाचे. या चित्रात दाखविण्यासारखे काहीच नसते. म्हणूनच त्यात जे काही उमटते ते सारे यंत्राचे असते: धुळीच्या सावल्या, कडांवरील अंधारी, कमी-अधिक संवेदनशील पिक्सेल. यास आपण ‘सपाट चित्र’ म्हणू. नंतर रात्री घेतलेल्या प्रत्येक चित्राला या सपाट चित्राने, पिक्सेलास पिक्सेल, भागावयाचे.

आपल्या लालबागेच्या चित्राकडे वळू. त्याच झूमवर व त्याच छिद्राने पांढऱ्या कागदाचे सपाट चित्र घेतले. सर्वत्र सरासरी आकडा २०० आला, डागाच्या मध्यावर मात्र १६८. म्हणजे तेथे ०.८४ एवढाच प्रकाश पोहोचतो; मघाचे १६ टक्के ते हेच. बुरुजाच्या चित्रात त्या पिक्सेलवर १२६ हा आकडा आहे. १२६ ला ०.८४ ने भागले की १५० येतात, आणि आजूबाजूच्या आकाशाचा आकडाही १५० च आहे. डाग नाहीसा झाला. आणि त्याच जागी खरोखरच घार असती तर तीही जशीच्या तशी राहिली असती, कारण सावली काही सर्व प्रकाश खात नाही. उरलेल्या ८४ टक्के प्रकाशाने घारीची बातमी आणलेलीच असते.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सपाट चित्र आणि मूळ चित्र यांत झूम, छिद्र व नाभी एकच असली पाहिजेत, नाहीतर सावली भलत्याच जागी उजळली जाऊन काळ्या डागाऐवजी पांढरे कडे उमटेल. एकच सपाट चित्र घेऊ नये. दहा-बारा घेऊन त्यांची सरासरी काढावी, म्हणजे पिक्सेलांची यादृच्छिक चलबिचल दबते. आणि भागाकार खरा ठरण्यासाठी आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात असले पाहिजेत. संवेदकाचे मूळ, कच्चे आकडे तसे असतात. परंतु खिशातले बहुतेक कॅमेरे ते डोळ्यांना रुचतील असे वाकवून मगच साठवितात. अशा चित्रांवर भागाकाराने डाग बराच फिका होतो, समूळ जातोच असे नाही. कच्चे आकडे जपून ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर तीच वापरावी.

संगणकावर डाग घालविण्याची दुसरी, अधिक लोकप्रिय रीत आहे. शेजारचा स्वच्छ तुकडा उचलून डागावर ठिगळासारखा चिकटवावयाचा. सहलीच्या चित्रासाठी तिला कोणी दोष देणार नाही, आणि मोकळ्या आकाशात ठिगळ ओळखूही येत नाही. परंतु दोन रीतींतील अंतर विसरू नये. भागाकाराने आपण डागाखालचे खरे दृश्य परत मिळवितो. ठिगळाने ते दृश्य कायमचे झाकून तेथे काय असावे याचा अंदाज रंगवितो. सूर्याच्या चित्रावर ठिगळ लावणाऱ्या विद्यार्थ्याने एखादा लहान सौरडाग पुसून टाकला तर त्याला स्वतःलाही ते कधी कळणार नाही. वैज्ञानिक नोंदीसाठी घेतलेल्या चित्रावर ठिगळ लावू नये, आणि लावलेच तर तसे चित्राखाली लिहावे. मूळ चित्र तर कधीच नष्ट करू नये.

धूळ आत कशी शिरते

कित्येकांना नवल वाटते की ज्या कॅमेऱ्याचे भिंग काढताच येत नाही त्यात धूळ शिरते कोठून? उत्तर झूमच्या नळकांड्यात आहे. कॅमेरा सुरू केला की एकात एक बसलेल्या नळ्या बाहेर येतात, आतील पोकळी वाढते आणि बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. बंद केला की ती बाहेर पडते. लोहाराचा भाता याहून वेगळे काय करतो? ज्या खिशात रुमालाचे तंतू, खडूची भुकटी आणि रस्त्यावरची तांबडी धूळ आहे त्या खिशातून कॅमेरा काढून लगेच सुरू करणे म्हणजे भात्याच्या तोंडाशी धूळ धरणेच होय. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यांत अशा बाहेर येणाऱ्या नळ्या सहसा नसतात, म्हणून त्यांना ही व्याधी क्वचितच जडते.

तेव्हा कॅमेरा स्वच्छ, झाकण असलेल्या पिशवीत ठेवावा आणि बंद असताना नळीभोवतीची फट मऊ ब्रशाने झाडावी. तोंडाने फुंकर घालू नये, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि त्यांचे वाळलेले डाग धुळीहून चिवट असतात. रबरी फुग्याचा फुंकणा त्यासाठी बरा. काही लोक घरातील धूळ ओढण्याचे यंत्र भिंगाला लावून आतली धूळ शोषून घेतात. कधी हे साधते, कधी नाजूक पडदी जागची हलते. आमचे मत विचाराल तर शाळेच्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग नको. आणि स्क्रू काढून कॅमेरा उघडण्याचे धाडस तर मुळीच करू नये. फ्लॅशसाठी आत एक विद्युतसंग्राहक असतो. त्यात सुमारे ३०० व्होल्टचा भार साठलेला असतो व तो बॅटरी काढल्यावरही काही काळ टिकून राहतो. त्याचा धक्का जबर बसतो. डाग असह्य झालाच तर कॅमेरा जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा.

जेथे दुरुस्ती करणारा कधीच पोहोचणार नाही तेथे धुळीला आधीच अटकाव करावा लागतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेलेल्या आदित्य एल-१ या यानावर सूर्याचा किरीट पाहणारे एक उपकरण आहे. ते भारतीय खगोलभौतिकी संस्थेने होसकोटे येथील आपल्या केंद्रात, धूलिकणांवर कडक नियंत्रण असलेल्या दालनात जुळविले. सूर्यालगतच्या किरीटाचे तेज बिंबाच्या सुमारे दशलक्षांश असते. अशा उपकरणात आरशावरील धूळ सावली पाडून थांबत नाही. ती बिंबाचा प्रकाश इकडेतिकडे विखुरते, आणि त्या विखुरलेल्या उजेडात किरीट बुडून जाऊ शकतो. हा दोष सपाट चित्राने भागून जात नाही. म्हणून तेथे काम करणारे डोक्यापासून पायांपर्यंत आच्छादन घालूनच दालनात शिरतात, कारण माणसाच्या कपड्यांतून व त्वचेतून सतत कण गळत असतात. धुळीचे सर्वांत मोठे कोठार आपण स्वतःच आहोत.

शाळेसाठी एवढा खटाटोप नको. महिन्यातून एकदा कॅमेऱ्याचा झूम पूर्ण लांबवावा, छिद्र जितके लहान होईल तितके करावे आणि खिडकीच्या उजेडात धरलेल्या पांढऱ्या कागदाचे, तो मुद्दाम नाभीबाहेर ठेवून, छायाचित्र घ्यावे. लगेच कागद थोडा फिरवून दुसरे घ्यावे. दोन्ही चित्रांत त्याच जागी दिसणाऱ्या ठिपक्यांवर वर्तुळे काढावीत, खाली तारीख लिहावी आणि तो कागद प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चिकटवावा. पुढच्या महिन्यात एखादे वर्तुळ वाढले असेल, एखाद्यातील ठिपका जागा बदलून बसला असेल. त्या दिवसापासून जुने सपाट चित्र वापरू नये, नवे घ्यावे.